सेकंदाला शंभर अणू

साध्या पोलादाच्या एकाच सळईतून तीन नमुने कातून घेतले आहेत असं समजा. दोन्ही टोकांना आटे, मधला भाग २५ मिलिमीटर लांब, तीन-चार मिलिमीटर जाड, पॉलिश करून लख्ख केलेला. पहिला नमुना टेन्साइल टेस्टच्या मशीनवर लावून नेहमीच्या वेगाने ओढला. तो आधी लांबला, मग मधोमध त्याची कंबर बारीक होत गेली आणि तीन-चार मिनिटांत तो तुटला. चांगल्या, चिवट पोलादाने जसं तुटावं तसाच.

दुसरा नमुना नायट्रेटच्या गरम, दाट द्रावणात बुडवला आणि त्याच वेगाने ओढला. तोही तसाच तुटला. तेवढंच लांबणं, तशीच बारीक कंबर. द्रावण असून नसल्यासारखं.

तिसरा नमुना त्याच द्रावणात बुडवून हजारपट सावकाश ओढला. आता मशीन चालू आहे की बंद, हे नुसतं बघून कळत नाही. तास जातात, रात्र उलटते. हवेत याच संथ वेगाने ओढलेला जोडीदार नमुना अजून शाबूत असताना, भरपूर लांबायचं बाकी असताना, हा द्रावणातला नमुना अचानक तुटतो. कंबर बारीक झालेली नाही. पृष्ठभागावर ओढीच्या दिशेला आडव्या, केसाहून बारीक चिरा, आणि त्यातलीच एक आरपार गेलेली. ज्या पोलादाला आपण चिवट म्हणत होतो ते ठिसूळ वस्तूसारखं मोडलं आहे.

पोलाद तेच, द्रावण तेच, शेवटपर्यंत ओढणंही तेच. बदलला तो फक्त वेग. धातुशास्त्रात थक्क करणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण माझ्या मते हिच्या तोडीची दुसरी नाही. आपली साधी समजूत अशी की झटका दिला की वस्तू मोडते आणि हळू ओढली की टिकते. इथे नेमकं उलटं घडतं. या चाचणीला इंग्रजीत ‘स्लो स्ट्रेन रेट टेस्ट’ म्हणतात. प्रयोगशाळेतले लोक नुसतं ‘एसएसआरटी’ म्हणतात.

वेग किती कमी, ते आधी पाहू. नेहमी वापरला जाणारा एक वेग म्हणजे दर सेकंदाला मूळ लांबीच्या दहा लाखाव्या भागाइतकं लांबवणं. २५ मिलिमीटरच्या नमुन्याला हा वेग लावला तर तो सेकंदाला २५ नॅनोमीटर ताणला जातो. लोखंडाच्या अणूची रुंदी साधारण पाव नॅनोमीटर. म्हणजे मशीन नमुन्याला सेकंदाला शंभर अणूंच्या रुंदीइतकं ओढत असतं. तासाभरात हे सगळं मिळून भरतं ०.०९ मिलिमीटर. वीस टक्के लांबून तुटणारं पोलाद या वेगाने तुटायला २ लाख सेकंद, म्हणजे साडेपंचावन्न तास लागतात. वेग आणखी दहापट कमी केला तर एका नमुन्यामागे तेवीस दिवस. ज्या मोटरला आणि गिअरबॉक्सला हे काम करायचं असतं, त्यांनी इतके दिवस न अडखळता, धक्का न देता फिरत राहायचं असतं. या यंत्रांच्या कारागिरीबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. लिहायला हवं.

आता मुख्य प्रश्न. हळू ओढल्यानेच का तुटतं?

धातूचा पृष्ठभाग आपल्याला दिसतो तसा उघडा नसतो. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर असतो, जाडी दोन-तीन नॅनोमीटर, म्हणजे मोजके अणू. बाकीच्या धातूंवरही त्यांच्या त्यांच्या परिस्थितीत असले थर जमतात. हा थर शाबूत आहे तोवर आतल्या धातूला बाहेरच्या रसायनाचा स्पर्श होत नाही. पण थर ठिसूळ असतो आणि धातू लवचीक. धातू ताणला की त्याच्या आतले अणूंचे पापुद्रे एकमेकांवरून घसरतात, पृष्ठभागावर पायरी उमटते आणि तिथला थर फाटतो. क्षणभर कोरा धातू उघडा पडतो.

इथून शर्यत सुरू होते. एका बाजूला थर पुन्हा जुळून यायला बघतो, दुसऱ्या बाजूला रसायन उघड्या धातूचा लचका तोडायला बघतं. फार जलद ओढलं तर रसायनाला वेळच मिळत नाही. तो बिचारा धातू यंत्राच्या जोरानेच आधी तुटून मोकळा होतो. आपला दुसरा नमुना असाच सुटला. फारच सावकाश ओढलं तर थर दर वेळी वेळेत जुळतो आणि चीर पुढे सरकत नाही. या दोन टोकांच्या मधे एक पट्टा असा असतो की थर फाटण्याचा वेग आणि रसायन चावण्याचा वेग जुळतात. चिरेच्या टोकाशी थर फाटतो, थोडा धातू विरघळतो, थर जुळू लागतो, तेवढ्यात पुन्हा फाटतो. चिरेच्या दोन्ही भिंतींवर थर शाबूत, टोक तेवढं सतत उघडं. त्यामुळे चीर रुंद न होता खोल खोल जाते. धातूचा एकंदर ऱ्हास रतीभरही होत नाही, गंजाचा डाग दिसत नाही, आणि तरी तो आरपार चिरतो. सेकंदाला मूळ लांबीचा दहा लाखावा भाग हा वेग पुष्कळ जोड्यांच्या बाबतीत याच पट्ट्यात पडतो.

‘जोड्या’ हा शब्द मुद्दाम वापरला. प्रत्येक धातूचा वैरी ठरलेला असतो, आणि तो दिसायला भयंकर असतोच असं नाही. साध्या पोलादाचे वैरी नायट्रेट, कॉस्टिक सोडा आणि कार्बोनेट-बायकार्बोनेटचं मिश्रण. स्टेनलेस स्टीलचा वैरी क्लोराइड, म्हणजे मिठातला, समुद्राच्या पाण्यातला. पितळेचा वैरी अमोनिया.

पितळ आणि अमोनियाच्या वैराची गोष्ट तर हिंदुस्थानातच घडली. ब्रिटिश फौजेच्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पावसाळ्यात साठवणीत असताना आपोआप तडकू लागल्या. कुणी त्यांना हात लावला नव्हता, बंदुकीत भरल्या नव्हत्या. ऋतू आला की चिरा पडतात म्हणून या प्रकाराला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव पडलं. दारूगोळ्याचा साठा घोड्यांच्या पागांजवळ असायचा. घोड्यांच्या मुतातून अमोनिया उठायचा, पावसाळी दमट हवेत तो पुंगळ्यांवर बसायचा. आणि ओढ? ती पुंगळीच्या आतच होती. पितळेचा पत्रा दाबून, खेचून पुंगळी बनवताना धातूत ताण शिल्लक राहतो. बाहेरून कुणी ओढलं नाही तरी ती पुंगळी जन्मापासून ताणलेलीच असते. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ मध्ये याचा नीट उलगडा करून दाखवला: शिल्लक ताण आणि अमोनिया, दोन्ही एकत्र आले तरच तडा. उपायही त्यातूनच निघाला. पुंगळ्या मंद आचेवर तापवून आतला ताण उतरवायचा आणि त्यांना अमोनियापासून दूर ठेवायचं.

त्यानंतरची कितीतरी वर्षं या तड्यांची परीक्षा म्हणजे वाट पाहणं. धातूची पट्टी ‘यू’ आकारात वाकवायची, बोल्टने आवळायची, द्रावणात सोडायची आणि रोज डोकावून बघायचं. तडा महिन्याने जाईल, वर्षाने जाईल, कदाचित जाणारच नाही. न गेला तर त्याचा अर्थ धातू चांगला, की आपण पुरेसं थांबलो नाही? याचं उत्तर मिळत नसे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात आर. एन. पार्किन्स आणि त्यांचे सहकारी १९६० च्या दशकात साध्या पोलादाच्या तड्यांवर काम करत होते. वाट पाहत बसण्यापेक्षा नमुना द्रावणातच सतत, पण अगदी संथपणे, तुटेपर्यंत ओढत न्यायचा, ही पद्धत त्यांनी रुळवली. यात प्रत्येक नमुना तुटणारच. प्रश्न उरतो तो कसा तुटला एवढाच. उत्तर दोन-चार दिवसांत हातात. पुढे अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेने ‘जी१२९’ या क्रमांकाने या चाचणीचं मानक केलं.

साध्या पोलादाला नायट्रेटचा तडा जातो, ही प्रयोगशाळेपुरती गोष्ट नव्हती. १९७४ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या रसायन कारखान्यात पाचव्या क्रमांकाच्या रिअ‍ॅक्टरच्या पोलादी कवचाला लांबलचक उभा तडा सापडला. त्याआधी एका गळतीवर जे थंड पाणी ओतलं जात होतं त्यात नायट्रेट होते, आणि त्यांनीच ते कवच चिरलं होतं. रिअ‍ॅक्टर काढून त्या जागी घाईने एक वळणाची पाइप जोडली गेली. १ जून १९७४ रोजी ती पाइप निखळली आणि झालेल्या स्फोटात २८ माणसं गेली. त्या दिवशी तडा जागेवर नव्हता, स्फोटाचं थेट कारण तो नव्हता. पण पाइप तिथे आली ती त्या तड्यामुळे.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते शुद्ध पाण्याचं प्रकरण. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या, उकळत्या पाण्याच्या जातीच्या. या जातीच्या अमेरिकेतल्या भट्ट्यांमध्ये १९७० च्या दशकात स्टेनलेस स्टीलच्या पाइपांना वेल्डच्या कडेला चिरा सापडू लागल्या. आत ना आम्ल, ना मीठ. होतं ते अत्यंत शुद्ध केलेलं पाणी, तापमान २८८ अंश सेल्सिअस. किरणांमुळे पाण्याचे रेणू फुटून त्यात किंचित ऑक्सिजन तयार होतो, टनामागे साधारण ०.२ ग्रॅम. आपल्या घरच्या पिण्याच्या पाण्यात याच्या चाळीसपट ऑक्सिजन विरघळलेला असतो. एवढ्याशा ऑक्सिजनने काय होणार?

वेल्डिंगच्या आचेत स्टेनलेस स्टीलमधलं कार्बन आणि क्रोमियम एकत्र येऊन कणांच्या सीमांवर साचतं. कण म्हणजे धातू ज्या सूक्ष्म स्फटिकांचा बनलेला असतो ते. सीमेवर क्रोमियम साचलं की सीमेलगतच्या चिंचोळ्या पट्टीत ते कमी पडतं, आणि तिथला रक्षक थर दुबळा राहतो. असं स्टील २८८ अंशांच्या पाण्यात सावकाश ओढलं तर टनाला ०.२ ग्रॅम ऑक्सिजन असताना ते कणाकणांच्या सीमेवरून उसवतं. ऑक्सिजन आणखी कमी केला की तेच स्टील पुन्हा चिवटपणे लांबून तुटतं. संथ ओढीच्या या चाचण्यांनी उपायाची दिशा पक्की केली: कार्बन कमी असलेलं स्टील वापरा, आणि पाण्यात थोडा हायड्रोजन सोडा म्हणजे तो ऑक्सिजनला धरून ठेवील. कठोर परिस्थिती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धूर आणि आम्ल येतं. इथे ती परिस्थिती म्हणजे नितळ पाणी होतं.

असली चाचणी प्रत्यक्ष करायची म्हणजे नमुन्याभोवती तसंच जग उभारावं लागतं. २८८ अंशांचं पाणी पाणीच राहावं म्हणून ७० वातावरणांहून जास्त दाब. त्यासाठी जाड भिंतींचा ऑटोक्लेव्ह, तोही बहुधा निकेलच्या मिश्रधातूचा, कारण भांडंच चिरलं तर चाचणी कसली. नमुन्याला ओढणारा दांडा त्या भांड्यातून बाहेर येतो. त्याच्या सीलचं घर्षण आणि आतला दाब दांड्याला बाहेर ढकलतो तो जोर, दोन्ही हिशेबातून वजा करावे लागतात. नमुना पकडीच्या धातूपासून चिनी मातीच्या जातीच्या कठीण वॉशरांनी वेगळा ठेवावा लागतो. नाही तर दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि आपण भलतंच काहीतरी मोजतो. नमुन्यावर लेथच्या हत्याराचा ओरखडा राहिला तर चीर तिथूनच सुरू होते, म्हणून पॉलिशही ओढीच्या दिशेनेच करायचं. एवढं करून झाल्यावर तुटलेले दोन तुकडे धुऊन, वाळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जातात.

आणि तिथे निकाल उघडा दिसतो. चिवटपणे तुटलेल्या भागावर सगळीकडे बारीक बारीक खळगे असतात. धातू आतून पोकळ्या धरत धरत फाटला, त्याच्या त्या खुणा. कणसीमांवरून चिरलेला भाग मात्र हुबेहूब खडीसाखरेच्या खड्यासारखा दिसतो: सपाट पैलू, धारदार कडा, एकेक स्फटिक अख्खा, शेजाऱ्यापासून सुटलेला. बहुतेक वेळा एकाच तुटलेल्या तोंडावर दोन्ही असतात. कडेला खडीसाखर, मधे खळगे. चीर कुठवर आली आणि उरलेला धातू कुठे नुसत्या ओढीने फाटला, ही हद्द बोट ठेवून दाखवता येते. कागदावरचा निकाल साधा असतो. द्रावणात नमुना किती लांबला आणि किती बारीक झाला, त्याला हवेतल्या किंवा कोरड्या नायट्रोजनमधल्या आकड्याने भागायचं. उत्तर १ च्या जवळ आलं तर द्रावणाने काही केलं नाही. जितकं खाली, तितकं वाईट. पण अनुभवी माणूस आकड्याआधी फोटो मागतो, आणि बरोबर करतो.

हायड्रोजनचा उल्लेख वर औषध म्हणून आला. पोलादाच्या बाबतीत तोच विष आहे. १८७५ मध्ये डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे एक साधा प्रयोग मांडला. लोखंडी तार काही मिनिटं आम्लात बुडवली की ती ठिसूळ होते, वाकवली की मोडते. मोडलेलं तोंड ओलं केलं तर त्यातून बुडबुडे येतात. आणि तार तशीच ठेवून दिली तर काही काळाने तिचा चिवटपणा परत येतो. लोखंडात वायू शिरतो, हिंडतो आणि निघूनही जातो, हे त्या बुडबुड्यांनी डोळ्यांदेखत दाखवलं. हायड्रोजनचा अणू अगदी लहान. पोलादाच्या अणूंमधल्या फटींतून तो घरच्या तापमानालाही फिरतो आणि जिथे ताण सर्वाधिक तिथे, म्हणजे चिरेच्या टोकापुढे, गोळा होतो. पण त्याला तिथवर पोचायला वेळ हवा. म्हणून इथे थर जुळण्याची पळवाट नाही. जितकं सावकाश ओढाल तितका हायड्रोजन जास्त गोळा होतो आणि निकाल तितकाच वाईट येतो. झटक्याच्या चाचणीत मात्र हेच पोलाद छान पास होऊ शकतं.

२०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को-ओकलंडच्या नव्या बे ब्रिजवर ९६ जाड पोलादी सळया आवळल्या गेल्या, आणि काही दिवसांतच त्यातल्या ३२ तुटल्या. कारण हायड्रोजन. आवळताना एकही तुटली नव्हती. त्याच वर्षी कझाकस्तानात कॅस्पियन समुद्रातल्या काशागान क्षेत्राचं उत्पादन सुरू होताच थांबवावं लागलं. तिथल्या वायूत हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण फार मोठं, आणि त्याने पाइपलाइनला तडे पाडले होते. लांबच लांब पाइप बदलून उत्पादन पुन्हा सुरू व्हायला २०१६ उजाडलं. आपल्याकडे मुंबईच्या समुद्रातल्या वसई क्षेत्राचा वायूही या अर्थाने ‘सावर’, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड असलेला. तो हझिऱ्याला नेऊन शुद्ध केला जातो, आणि तिथवरच्या वाटेवरचं पोलाद हा वैरी ओळखूनच निवडावं लागतं. भोसरी किंवा अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या प्लेटिंगच्या शॉपमध्ये उंच ताकदीचे बोल्ट जस्ताच्या मुलाम्यानंतर २०० अंशांच्या आसपास तासन्‌तास भट्टीत ठेवतात तेही याचसाठी. आत शिरलेला हायड्रोजन बाहेर काढायला. ऑर्डरची घाई असली की हे बेकिंग उरकलं जातं. तसं करू नये.

या चाचणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण तिच्यावर नको इतका भरवसा टाकला जातो. खरी पाइप कधी वीस टक्के लांबत नाही. ती आपल्या ताकदीच्या बरीच खाली काम करते. चाचणीत मात्र नमुना फरफटत शेवटापर्यंत नेला जातो, त्यामुळे कधी कधी वापरण्याजोगा धातूही नापास होतो. उलट बाजूही आहे. काही ठिकाणी तडा सुरू होण्याआधी वर्षानुवर्षं खड्डा खोल होत जावा लागतो, आणि दोन दिवसांच्या चाचणीत तो खड्डा पडतच नाही. म्हणून तेल-वायूच्या क्षेत्रात ठरावीक वजनाखाली नमुना ७२० तास, म्हणजे पूर्ण ३० दिवस, टांगून ठेवण्याची जुनी चाचणी आजही हद्दपार झालेली नाही. चार धातूंमधला कोणता या द्रावणात बरा, हे संथ ओढ चोख सांगते. तो किती वर्षं टिकेल हे ती सांगू शकत नाही, आणि तसा आकडा तिच्या नावावर कुणी खपवत असेल तर त्याला अडवावं.

हा सगळा विषय आता आपल्या दारात येतो आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन बनवण्याची क्षमता उभारायचं लक्ष्य आहे. हा वायू कुठल्या तरी पोलादातूनच वाहून न्यावा लागणार, आणि नैसर्गिक वायूच्या चालू पाइपांमध्ये तो थोडा मिसळण्याचा विचार जगभर आणि आपल्याकडेही चालू आहे. विशेष म्हणजे वायूत दहा हजार भागांत एखाद-दुसरा भाग ऑक्सिजन असला तरी पोलादाचा ठिसूळपणा बराच कमी होतो. नुकत्याच उघड्या पडलेल्या धातूवर ऑक्सिजन आधी जाऊन बसतो आणि हायड्रोजनला वाट देत नाही, हेही संथ ओढीनेच दिसून आलं. तुमच्या गावाजवळून अशी पाइप जाणार असेल, किंवा तुम्ही स्वतः ती टाकणाऱ्यांपैकी असाल, तर एक प्रश्न जरूर विचारा: या पाइपचा नमुना, वेल्डसकट, हायड्रोजनच्या दाबाखाली सावकाश ओढून पाहिला आहे का? उत्तरात नुसता आकडा आला तर तुटलेल्या तोंडाचे फोटोही मागा.